मे महिन्यात ये!

स्पोर्ट्स कार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मरीन ड्राइव्ह, रात्रीचे दिवे, गॉगल, मोठ्या आवाजातलं गाणं. बरोबर? आमच्या घरात स्पोर्ट्स कार म्हटलं की तीन गोष्टी आठवतात : जळगाव-धुळे एसटी, जॉब कार्डांची जाडजूड फाइल आणि मे महिना.

गाडी माझी नाही, दादाची. (माझ्या मानधनात फार तर तिचं एक चाक आलं असतं, तेही हप्त्याने!) दादाचं जळगावात ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान आहे. आठ वर्षं त्याने रविवारसुद्धा न पाळता दुकान चालवलं आणि २०२२ च्या दसऱ्याला सोळा लाखांची लाल, बुटकी, टर्बो पेट्रोल इंजिनाची गाडी दारात आणून उभी केली. ऑटोमॅटिक, ड्युअल क्लच गिअरबॉक्स. मागे बसणाऱ्याला गुडघे हनुवटीला टेकवावे लागतात, पण पुढे बसणारा एकदम राजा. एमएच १९ ची कोरी पाटी पाहून अख्खी कॉलनी जमली. पप्पा म्हणाले, ‘एवढ्यात दोन ट्रॅक्टर आले असते.’ आईने काही न बोलता लिंबू-मिरची आणून पुढे बांधली. कंपनीचं आणि डीलरचं नाव इथे लिहीत नाही. ते फाइलमध्ये आहे, तिथे पुरे.

तसं आपल्याकडे स्पोर्ट्स कारचं वेड काही नवं नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची फायबरग्लास बॉडीची, रेनॉच्या इंजिनाची छोटी टू-सीटर आली होती. तिचा कारखाना गोव्यात होता. अलिबागजवळ चिंकारा मोटर्स नावाची कंपनी हाताने रोडस्टर बनवायची. दिलीप छाब्रियांची डीसी अवंती दिल्लीच्या २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये झळकली तेव्हा दादाने तिचं पोस्टर कॉलेजच्या हॉस्टेलवर लावलं होतं. यातली मला सगळ्यात आवडते ती चिंकारा. कारण तिच्यात इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन होतं. तेच, जे काँटेसा आणि अॅम्बेसिडरमध्ये बसायचं. म्हणजे दिसायला थेट विलायती, पण बंद पडली तर कुठल्याही टॅक्सीवाल्याच्या मिस्तरीने बॉनेट उघडून ‘अरे, ही तर आपलीच’ म्हणावं अशी!

दादाच्या गाडीचं तसं नव्हतं. अजिंठा चौफुलीजवळच्या आमच्या जुन्या मिस्तरींनी तिचं बॉनेट उघडलं, प्लॅस्टिकचं काळं झाकण पाहिलं आणि बॉनेट परत लावून टाकलं. ‘कॉम्प्युटर लावल्याशिवाय ही तोंड उघडणार नाही, बेटा. शोरूमलाच ने.’

शोरूम जळगावात होती, पण गिअरबॉक्सचं काम व्हायचं ते धुळ्याच्या वर्कशॉपमध्ये. इथून खरी गोष्ट सुरू होते.

अर्धी गाडी

एप्रिल २०२३. दुपारी तीनची वेळ, पारा ४३. पाळधीच्या पुढे रस्त्याचं काम चाललेलं, ट्रकची लांबच लांब रांग. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. अचानक डॅशबोर्डवर गिअरचं चिन्ह लुकलुकायला लागलं, एक झटका बसला आणि गाडीतला जीवच गेला. अॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन ओरडतंय, गाडी मात्र ढिम्म. मागच्या ट्रकने हॉर्नने आमचा उद्धार केला. अर्धा तास बाभळीखाली उभी केल्यावर बाईसाहेब पुन्हा काहीच न झाल्यासारख्या चालू!

हे प्रकरण थोडं समजावून सांगते, कारण ते समजायला मलाच दोन महिने लागले. ड्युअल क्लच म्हणजे एका गिअरबॉक्समध्ये दोन क्लच. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा हे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. एक काम करत असताना दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो, म्हणून गिअर डोळ्यांची पापणी लवायच्या आत बदलतो. मोकळ्या रस्त्यावर याच्यासारखी मजा नाही. पण रांगेत इंचाइंचाने सरकताना क्लच पूर्ण धरतही नाही आणि पूर्ण सोडतही नाही, नुसता घासत राहतो. घासला की तापतो. आमच्या गाडीतला क्लच कोरडा, म्हणजे त्याला गार करायला भोवती तेल नाही. त्यात वरून खान्देशचं ऊन. फार तापलं की गिअरबॉक्सचा कंट्रोलर घाबरतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी एका क्लचवरचे गिअर टाकून देतो, किंवा सगळेच. याला लिम्प मोड म्हणतात. लंगडी गाडी. घरापर्यंत पोचवायची सोय, असं पुस्तकात लिहिलंय. ते पुस्तक लिहिणारा एरंडोलच्या चढावर ट्रकच्या पुढे उभा राहिला नसावा.

‘मॅडम, गाडी ओके आहे’

पहिल्या वेळी गाडी दोन दिवस वर्कशॉपमध्ये होती. जॉब कार्डवर शेरा : ‘कोड क्लिअर केला. गाडी ओके.’ मेमध्ये चार दिवस : ‘सॉफ्टवेअर अपडेट. गाडी ओके.’ जूनमध्ये तेरा दिवस : ‘क्लच सेट बदलला. गाडी ओके.’ पावसाळ्यात खरंच ओके होती. दादाने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि ये रे माझ्या मागल्या.

आता यातला हिशेब बघा. जळगाव ते धुळे साधारण ९० किलोमीटर. गाडी सोडायला जायचं, एसटीने परत यायचं. तयार झाली की एसटीने जायचं, गाडी घेऊन यायचं. एका दुरुस्तीला ३६० किलोमीटर. आमच्या एकूण सहा दुरुस्त्या झाल्या, म्हणजे २,१६० किलोमीटर. एवढ्यात जळगावहून दिल्लीला जाऊन परत येता आलं असतं, आणि वाटेत ताजमहाल! दुकान सोडून दादाला दरवेळी जमायचं नाही, म्हणून निम्म्या फेऱ्या माझ्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालंय, एवढाच काय तो फायदा.

सर्व्हिस अॅडव्हायझर अत्यंत गोड बोलायचा. चहा मागवायचा, एसीत बसवायचा. पण मी प्रश्न विचारला की उत्तर मोबाइलवर दादाला द्यायचा. एकदा म्हणाला, ‘मॅडम, कधीकधी ड्रायव्हिंग हॅबिटमुळेही होतं. गाडी तुम्ही चालवता का जास्त?’ मी म्हटलं, ‘जळगाव ते तुमच्या गेटपर्यंत मीच चालवते. त्याला हॅबिट तुम्हीच लावलीय.’

त्या दिवशी वॉशिंग रॅम्पवर गाड्या धुणाऱ्या एका मुलाने मला हळूच बाजूला बोलावलं. पायात गमबूट, हातात पाइप. म्हणाला, ‘ताई, गाडी बिघडस दुपारले आन् तपासतस सकायले!’

मी जागच्या जागी उभी राहिले. एवढ्या साध्या गोष्टीकडे चार महिने कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. गाडी बिघडायची दुपारी, तापून, ट्रॅफिकमध्ये. वर्कशॉप टेस्ट ड्राइव्ह घ्यायचं सकाळी नऊला, रात्रभर शेडमध्ये गार झालेली गाडी, मोकळा बायपास. अशी तपासली तर ओकेच येणार ना! तापाच्या रुग्णाला ताप उतरल्यावर थर्मामीटर लावायचा आणि ‘काही नाही हो’ म्हणून घरी पाठवायचं, तसला प्रकार.

त्या दिवसापासून मी वही घातली. तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, किती मिनिटं रांगेत, डॅशबोर्डचा फोटो. जॉब कार्डवर अॅडव्हायझरच्या भाषेत ‘पिकअप इश्यू’ लिहू द्यायचं नाही, आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायची. कोड पुसण्याआधी स्कॅनचा प्रिंट मागायचा. पुसलेला कोड म्हणजे पुसलेला पुरावा. बातमी करताना जे करतो तेच, फक्त इथे बातमी दारात उभी होती.

एकवीरेच्या वाटेवर

तोवर हा सगळा नुसता वैताग होता. तो वैताग २०२३ च्या नवरात्रात संपला. आई-पप्पांना घेऊन आम्ही धुळ्याला देवपुरात एकवीरेच्या दर्शनाला निघालो होतो. पारोळ्याच्या पुढे एक टँकर ओव्हरटेक करताना गाडीने जीव सोडला. समोरून ट्रक, डावीकडे टँकर, आणि आमच्याकडे वेग नाही. टँकरवाल्या भाऊंनी ब्रेक मारून जागा दिली म्हणून मी हे लिहितेय. आई मागे गुडघे हनुवटीला लावून बसली होती. तिने हूं की चूं केलं नाही. देवळात मात्र दादाकडे बघून म्हणाली, ‘या गाडीत तुझ्या बायकोला बसवायचं नाही.’ दादाचं तेव्हा लग्नही ठरलं नव्हतं!

घरात ठराव पास झाला : गाडी विका.

विकणं सोपं होतं. खरं तर भयंकर सोपं होतं. जानेवारी २०२४ मध्ये जळगावात पहाटे अंगावर रग ओढावी लागते. अशा हवेत आमची गाडी म्हणजे नुसतं लोणी. एजंट म्हणाला, ‘आत्ताच काढा भाऊ, थंडी आहे तोवर.’ त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने आणलेली पार्टी म्हणजे दोंडाईच्याच्या मिरचीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पंचविशीचा, गाडी बघताच डोळे लकाकलेले. (लिंबू आमच्याकडे होतंच, मिरचीही चालत आली.) त्याने एक चक्कर मारली आणि अकरा लाखांना तयार झाला. पिशवीत टोकन घेऊनच आला होता.

आदल्या रात्री यावरून घरात वाद झालेला. पप्पांचं म्हणणं, व्यवहारात विचारलं तेवढंच सांगायचं. एजंटचं म्हणणं, विचारलं तरी सांगायचं नाही. आई म्हणाली, ‘त्यालाही आई असेल.’ दादा काहीच बोलला नव्हता.

सकाळी मुलाने टोकन पुढे केलं, तेव्हा दादाने ते घेतलं नाही. आतून फाइल आणली आणि त्याच्या हातात ठेवली. चार जॉब कार्डं, माझी वही, सगळं. म्हणाला, ‘हे वाच. आणि तरी घ्यायची असेल तर मे महिन्यात ये. दुपारी तीनला. एरंडोलपर्यंत चालव आणि मग ठरव.’

मुलगा हसला, फाइल चाळली, थँक्यू म्हणाला आणि गेला. एजंटने आमच्याशी बोलणं सोडलं. पप्पा दोन दिवस पेपरच्या मागे तोंड लपवून बसले. अकरा लाख गेले होते आणि गाडी तशीच दारात होती, गार हवेत एकदम ठणठणीत.

लिंबाचा कायदा

इंग्रजीत अशा खोडकर गाडीला ‘लेमन’ म्हणतात. आपण गाडीला लिंबू बांधतो, त्यांच्याकडे गाडीच लिंबू निघते! अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये याच्यासाठी खास कायदा केला. नव्या गाडीत ठरलेल्या मुदतीत तोच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा दुरुस्तीपायी गाडी एकूण तीस दिवस पडून राहिली, तर कंपनीने गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत. पुढे बाकीच्या राज्यांनीही असे कायदे केले.

आपल्याकडे असा वेगळा लेमन लॉ नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत मागवायची तरतूद आली, पण ती एका मॉडेलबद्दल अनेकांच्या तक्रारी असतील तेव्हाची. एकट्या माणसाला आधार तो ग्राहक संरक्षण कायद्याचा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला आणि त्याच्या जागी २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. ग्राहक चळवळीत काम केलेल्या जळगावच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला यातलं जे शिकवलं, ते तुम्हालाही कामाला येईल.

एक, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी चेन्नईची असो की गुरगावची, तिला जळगावला यावं लागतं. दोन, वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. आमच्या सोळा लाखांच्या गाडीसाठी तक्रारीची फी किती? ४०० रुपये! तीन, वकील लावलाच पाहिजे असं नाही. चार, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे, त्यामुळे ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ या गोड वाक्यावर कॅलेंडर सोडून द्यायचं नाही. आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघायला काहीच लागत नाही.

पण सरांनी थंड पाणीही ओतलं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या प्रकरणात म्हटलंय, की वॉरंटीत सदोष पार्ट बदलून द्यायचं कबूल केलं असेल तर ग्राहकाला थेट अख्खी गाडी मागता येत नाही. २०१० मध्ये मात्र अनंतराम विरुद्ध फियाट इंडिया या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासून घ्यायला सांगितलं आणि मूळ उत्पादनातलाच दोष निघाला तर पैसे परत, असा आदेश दिला. म्हणजे सगळा खेळ एका गोष्टीवर : दोष गाडीतच आहे हे तिऱ्हाइताने सांगायला हवं. ‘माझी गाडी बंद पडते हो’ असं मालकाने कितीही कळवळून सांगितलं, तरी ते मालकाचं म्हणणं.

आमच्याकडे तिऱ्हाईत कुठून येणार?

तिऱ्हाईत

एप्रिल २०२४ मध्ये पाचवी दुरुस्ती झाली. तीन दिवस, पुन्हा सॉफ्टवेअर, पुन्हा ‘ओके’. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात दादाचा मोबाइल वाजला.

‘भाऊ, मी दोंडाईच्याहून. मे लागला. येऊ का?’

आम्हाला वाटलं, चेष्टा करतोय. पण दुसऱ्या दिवशी बरोबर अडीचला पोरगं दारात हजर. डोक्याला रुमाल, हातात आईसाठी मिरच्यांची पिशवी. आम्ही तेवढ्यात ऑटोमोबाइल इंजिनीअरिंग शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनाही बोलावून घेतलं. ते स्कॅनर घेऊन पुढे बसले, मी मागे, वही घेऊन, गुडघे हनुवटीला. मुलगा चालवत होता. बाहेर ४४. बांभोरीच्या पुलानंतर पाळधीपर्यंत रांग. २६ मिनिटांनी चिन्ह लुकलुकलं, झटका बसला, गाडी मेली. स्टिअरिंगवर हात ठेवून तो जाम घाबरून मागे वळला. ‘ताई, तुम्ही हे वर्षभर चालवलं?’

सर स्कॅनरवरचे आकडे उतरवून घेत होते. बाभळीखाली बसून मठ्ठा पिताना मुलगा म्हणाला, ‘जानेवारीत घेऊन गेलो असतो, तर आज आमच्या घाटात असा अडकलो असतो. तुम्हाला काही लिहून पाहिजे का माझ्याकडून?’

त्याचं प्रतिज्ञापत्र, सरांचा अहवाल, सहावं जॉब कार्ड (अकरा दिवस, ‘कंपनीचे इंजिनीअर येऊन बघतील’) आणि माझी वही, असं सगळं जोडून ऑगस्ट २०२४ मध्ये तक्रार दाखल केली. ऑनलाइन, ४०० रुपये भरून. सहा दुरुस्त्या, एकूण ३८ दिवस गाडी बाहेर. कनेक्टिकटमध्ये राहत असतो तर कधीच काम झालं असतं!

कंपनीचे वकील आले. पहिल्या तारखेला ‘ड्रायव्हिंग हॅबिट’ निघालंच. मग अहवालाची प्रत त्यांच्या हातात पडली. गाडी चालवणारा मालक नव्हता, मालकाची बहीण नव्हती, तो गाडी विकत घ्यायला आलेला माणूस होता. त्याची सवय खराब आहे असं कुठल्या तोंडाने म्हणणार? २०१९ च्या कायद्यात मध्यस्थीची सोय आहे, प्रकरण तिकडे गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तडजोड झाली : कंट्रोलरसकट कोराकरकरीत गिअरबॉक्स, त्यावर दोन वर्षांची वॉरंटी, आणि आमच्या फेऱ्यांचा खर्च. गाडीचे पैसे परत मिळाले नाहीत, माफीचं पत्र तर नाहीच. पण एसटीची तिकिटं मात्र एकेक मोजून द्यावी लागली त्यांना. माझी अर्धी तिकिटंसुद्धा!

२०२५ चा मे आम्ही श्वास रोखून काढला. दादा मुद्दाम दुपारी तीनला गाडी काढायचा आणि ट्रकची रांग शोधत फिरायचा. चिन्ह एकदाही लुकलुकलं नाही. पप्पांनी तिला पहिल्यांदा ‘आपली गाडी’ म्हटलं. आईचा ठराव अजून मागे घेतलेला नाही, पण दिवाळीत ती तीत बसून एकवीरेला जाऊन आली, आणि पुढच्या सीटवर!

दोंडाईच्याच्या मुलाचा परवा पुन्हा फोन आला होता. गाडी आता नीट झालीय हे त्याला कळलं होतं. म्हणाला, ‘भाऊ, आता विकता का? अकराला तयार आहे मी.’

दादा म्हणाला, ‘आता नाही रे विकायची. मे महिन्यात ये मात्र. चालवायला.’